होळकरांचे एक कोटी आणि रुळांखालची जोखीम

इंदूरच्या जुन्या मराठी घरांत रेल्वेची एक गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. इंग्रजांना इंदूरपर्यंत रेल्वे आणायची होती, पैशांची अडचण होती, तेव्हा तुकोजीराव महाराजांनी एक कोटी रुपये मोजून दिले. रूळ पडल्यावर चाचणीचे डबे हत्तींनी ढकलत आणले. आमची आजी ही गोष्ट अशा थाटात सांगायची की जणू ती स्वतः हत्तीवर बसली होती. शेवटचे वाक्य ठरलेले असे, "इंग्रज आपले कर्जदार होते बरं का!"

लहानपणी आम्हाला त्यातले हत्ती आवडत. आता वयाची पंचेचाळिशी आली, सिव्हिल डिप्लोमा करून राज्याच्या बांधकाम खात्यात वीस-बावीस वर्षे काढली, आणि आता त्या गोष्टीतले कर्ज जास्त मनोरंजक वाटते. कारण रस्ता असो, पूल असो की रेल्वे, कामाच्या फायलीत मुख्य प्रश्न एकच असतो, काही बिघडले तर भुर्दंड कोणी सोसायचा? टेंडरच्या अटी, अनामत रक्कम, बँक गॅरंटी, दोषदायित्वाचा काळ, ही सगळी त्याच एका प्रश्नाची वेगवेगळी उत्तरे.

एक उदाहरण सांगतो, नावगाव न घेता. एका नाल्यावर लहानसा पूल होता. तीन ठिकाणी बोअर घेतले, चार मीटरवर खडक लागला, त्यावर एस्टिमेट झाले. चौथ्या खांबाचा खड्डा खणायला घेतला तर नऊ मीटरपर्यंत नुसती काळी माती. ठेकेदार म्हणाला, हे माझ्या दरात नव्हते. वरून उत्तर आले, करारात जमिनीची जबाबदारी तुमची. दोघांचेही कागद बरोबर होते. काम दोन पावसाळे बंद राहिले आणि तेवढे दिवस पलीकडच्या गावची पोरे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून शाळेला गेली. करारावर त्या गावातल्या कोणाचीच सही नव्हती. होळकरांच्या एक कोटीकडे आम्ही या नजरेने पाहू लागलो ते तेव्हापासून.

महाराजांच्या कर्जाची खरी किंमत कळायला आधी वीस वर्षे मागे, मुंबईला जावे लागते.

हिंदुस्थानात रेल्वे बांधायला लंडनचे भांडवलदार तयार होते, पण स्वतःच्या जोखमीवर नव्हे. परका मुलुख, अनोळखी नद्या, गाडीत लोक बसतील की नाही याचीही खात्री नाही. तेव्हा १८४९ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे, म्हणजे आपल्या वाडवडिलांच्या तोंडची जीआयपी, हिच्याशी करार केला. जमीन फुकट मिळेल, ९९ वर्षांच्या मुदतीने. भांडवलावर पाच टक्के व्याज हमखास मिळेल. रेल्वेची कमाई त्याहून कमी पडली तर उरलेले पैसे हिंदुस्थानच्या महसुलातून भरले जातील. २५ वर्षांनी सरकारला रेल्वे विकत घेता येईल. यालाच हमी पद्धत म्हणतात.

या पद्धतीने रेल्वे झाली, हे मान्यच केले पाहिजे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली ती याच पैशांवर. पण पाच टक्के हमखास म्हटल्यावर खर्चाला लगाम कोण घालणार? मैलामागे आठ हजार पौंड लागतील असा सुरुवातीचा अंदाज होता, प्रत्यक्षात आकडा अठरा हजारांच्या आसपास गेला. हिंदुस्थानचे माजी अर्थसदस्य विल्यम मॅसी यांनी १८७२ मध्ये संसदीय समितीपुढे जी साक्ष दिली तिचा मथितार्थ असा की, व्याज पक्के असल्यावर आपले पैसे हुगळीत बुडाले की त्यांच्या विटा झाल्या याचे गुंतवणूकदाराला काही सोयरसुतक नव्हते. सरकारचाच जुना अर्थसदस्य हे बोलतो आहे, हे लक्षात घ्यावे.

आणि जोखीम नुसती पैशांची नव्हती. बोरघाटाचे काम पाहा. खोपोलीकडून लोणावळ्याकडे सुमारे सोळा मैलांची चढण, १,८०० फुटांवर उंची गाठायची, पंचवीस बोगदे. मुंबई-ठाणे मार्ग बांधणारा विल्यम फॅव्हिएल हाच इथलाही ठेकेदार. त्याने काम पोटठेकेदारांना वाटून दिले. मजुरी थकली, आणि १८५९ च्या जानेवारीत घाटात दंगल उसळली. त्याच वर्षी फॅव्हिएलने काम सोडले. त्याच्या जागी इंग्लंडहून सॉलोमन ट्रेडवेल आला, आणि आल्यावर थोड्याच दिवसांत आजारपणात मरण पावला. पुढचे काम कोणी उचलले? त्याची विधवा ॲलिस ट्रेडवेल हिने. ठेका स्वतःच्या नावावर घेऊन, दोन अनुभवी इंजिनियरांच्या हाती काम सोपवून, तिने घाट पुरा करून दाखवला. १८६१ च्या सुमारास घाटात एकाच वेळी ४२ हजारांवर माणसे राबत होती. २१ एप्रिल १८६३ ला घाट उघडला. कॉलऱ्याने आणि तापाने त्या डोंगरात हजारो मजूर मेले. पाच टक्क्यांची हमी भागधारकाला होती, त्यांना कसलीच नव्हती. एवढे मात्र झाले की दंगलीनंतर, १८६० मध्ये, सार्वजनिक कामांवरच्या मजुरीचे तंटे दंडाधिकाऱ्याने झटपट मिटवावेत असा कायदा आला. जोखीम कमी करण्याचा तोही एक उपाय, पण आधी दगडफेक व्हावी लागली.

पुढे १९ जुलै १८६७ ला त्याच घाटातला माऊ-की-मळीचा दगडी पूल कोसळला. बांधून चार-पाच वर्षेही झाली नव्हती. दुरुस्तीचा पैसा पुन्हा भांडवलात, आणि भांडवलावर पुन्हा व्याज. आमच्या खात्यात असे झाले असते तर निदान दोषदायित्वाच्या काळातून ठेकेदाराकडून वसुलीची नोटीस तरी निघाली असती.

अशा अनुभवानंतर १८६९ मध्ये व्हाइसरॉय लॉरेन्स आणि त्यांच्या मागून आलेले मेयो यांनी धोरण बदलले. यापुढे सरकारने स्वतः कर्ज काढून रेल्वे बांधावी, आणि स्वस्तात बांधावी. स्वस्त म्हणजे मीटरगेज. जीआयपीचा रूळ साडेपाच फुटी, नवा रूळ सव्वातीन फुटांच्या किंचित वर. कमी रुंदी म्हणजे लहान बोगदे, हलके पूल, तीव्र वळणे चालतात. पण सरकारच्या हाती पैसा थोडा, आणि लंडनमध्ये आणखी कर्ज काढायचे तर तिथले व्याज पौंडात.

इथे आपले तुकोजीराव महाराज पुढे येतात.

तुकोजीराव होळकर दुसरे यांनी १८७० च्या सुमारास देऊ केलेल्या कर्जाचे कलम थोडक्यात असे, रक्कम एक कोटी रुपये, व्याज साडेचार टक्के, मुदत १०१ वर्षे. या पैशांतून खंडव्याहून, जिथे जीआयपीची गाडी येत होती तिथून, इंदूरपर्यंत मीटरगेज टाकायची, आणि तिचे नाव होळकर स्टेट रेल्वे. इंदूर संस्थानाच्या एका वर्षाच्या महसुलाहून ही रक्कम मोठी होती. खजिन्यातून एवढा पैसा एका हप्त्यात काय, चार हप्त्यांत काढून द्यायलासुद्धा छाती लागते.

आता हिशेब मांडून पाहू. खर्च वाढला, बोगदा कोसळला, नर्मदेने पूल नेला, तर? बांधणारे सरकार, भुर्दंड सरकारचा. गाडीला माल मिळाला नाही तर? तोही सरकारचा. महाराजांना वर्षाला साडेचार लाख रुपये यायचेच. म्हणजे लंडनच्या भागधारकाला जे सुख होते तेच महाराजांना मिळाले. फरक दोन. पहिला, पाचाऐवजी साडेचार टक्के, म्हणजे एक कोटीमागे सरकारचे वर्षाला पन्नास हजार वाचले. दुसरा फरक मोठा आहे आणि त्याकडे फारसे कोणी पाहत नाही. हे कर्ज रुपयांत होते.

त्याचे महत्त्व तीन-चार वर्षांतच दिसले. १८७३ नंतर जगात चांदी घसरू लागली, आणि आपला रुपया चांदीचा. १८७० मध्ये एक रुपया म्हणजे सुमारे साडेबावीस पेन्स होता, १८९४-९५ पर्यंत तो तेरा पेन्सच्या आसपास आला. म्हणजे लंडनला एक पौंड व्याज पाठवायला आधी साडेदहा-पावणेअकरा रुपये लागत, ते आता अठरांवर गेले. रेल्वे तीच, रूळ तेच, शेतकऱ्याचा सारा मात्र जास्त जाऊ लागला. दादाभाई नौरोजींनी आयुष्यभर ज्या वहात्या संपत्तीचा हिशेब मांडला, त्यात हे व्याजही होते. होळकरांचे साडेचार लाख मात्र साडेचार लाखच राहिले. चलनाच्या चढउताराची जोखीम त्या कर्जात नव्हतीच. आजही परदेशी कर्जावर मेट्रो किंवा वीजघर उभे करताना डोकेदुखी हीच असते, कमाई रुपयांत आणि परतफेड डॉलर किंवा येनमध्ये.

महाराजांनी हे सगळे पाहून केले का? आम्हाला तसे वाटत नाही. चांदी पडेल हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते. आमच्या मते या कर्जामागे १८५७ होते. १ जुलै १८५७ ला इंदूरच्या रेसिडेन्सीवर हल्ला झाला, ड्युरँड पळाला, आणि तेव्हापासून बावीस वर्षांच्या तुकोजीरावांवर इंग्रजांचा संशय राहिला. असा संशय डोक्यावर घेऊन राज्य करणाऱ्याने सरकारलाच शंभर वर्षांसाठी आपला ऋणको करून ठेवणे, हा एक प्रकारचा विमाच होता. ज्याचे देणे लागतो त्याचे राज्य सहसा कोणी खालसा करत नाही. हे आमचे अनुमान आहे, दप्तरात असे कोणी लिहून ठेवत नसते.

शिवाय मालाची खात्री होती. माळवा म्हणजे अफू आणि कापूस. अफूची वखार इंदुरात, पेटीमागे सुमारे सहाशे रुपये पास-महसूल इंग्रज सरकार घेई आणि मग पेट्या मुंबईमार्गे चीनला. अशा मालाला बैलगाडी आणि घाटाऐवजी आगगाडी मिळाली तर भाडे कुठे जाणार नव्हते.

काम सोपे मात्र मुळीच नव्हते. खंडवा-सनावद तुकडा १ डिसेंबर १८७४ ला सुरू झाला, पुढे नर्मदा आडवी. मोरटक्क्याचा पूल १८७६ मध्ये खुला झाला, महाराजांच्या हस्ते. मग विंध्याचा घाट, कालाकुंड ते पातालपाणी, चाळीस फुटांत एक फूट चढ आणि चार बोगदे. इंदूरपर्यंत गाडी पोहोचायला १८७७-७८ उजाडले. या बांधकामाच्या काळात, १८७३ ते १८७५, इंदूरचे दिवाण होते सर टी. माधवराव, मूळ तंजावरच्या मराठी घराण्यातले, त्रावणकोर गाजवून इथे आलेले आणि इथून बडोद्याला गेलेले. तंजावर, इंदूर, बडोदे! आपली मराठी माणसे तेव्हा बदलीला घाबरत नव्हती.

बाकीच्या मराठी मुलखात याच काळात काय चालले होते, तेही बघण्यासारखे आहे. बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांनी १८६०-७० च्या दशकात डभोई-मियागाम अडीच फुटी रूळ स्वतःच्या खर्चाने टाकला आणि सुरुवातीला गाडीला चक्क बैल जुंपले. इंजिन १८७३ नंतर आले, रूळ बदलून. लोक हसले असतील, पण आम्हाला हा फार शहाणपणाचा मार्ग वाटतो. आधी थोडके घाला, माल येतो का पाहा, मग वाढवा.

याच्या अगदी उलट गोव्यात. तिथे मुरगाव बंदरापासून घाटमाथ्यावरच्या कॅसलरॉकपर्यंत रेल्वे टाकायला एक इंग्रज कंपनी निघाली, वेस्ट ऑफ इंडिया पोर्तुगीज गॅरंटीड रेल्वे. नावातच हमी! हमी पोर्तुगाल सरकारची. १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज तहाने गोव्यातल्या मिठाचा मक्ता इंग्रजांनी घेतला, त्याबदल्यात गोवा सरकारला वर्षाला चार लाख रुपये ठरले आणि ती रक्कम रेल्वेच्या हमीकडे वळवली गेली. मिठागरवाले आणि रेंदेर यांचा धंदा बसला तो त्यामुळे. गाडी दुधसागरवरून १८८८ मध्ये कॅसलरॉकला सदर्न मराठा रेल्वेला जाऊन मिळाली, पण माल पुरेसा आलाच नाही, देशावरचा माल मुंबईची वाट सोडायला तयार नव्हता. आणि तह होता बारा वर्षांचा. १८९२ मध्ये तो संपला, चार लाख थांबले, हमी मात्र संपली नव्हती. उत्पन्नाची मुदत लहान आणि देण्याची मुदत लांब, ही चूक आम्ही आजही कागदांवर पाहतो. १९०२ मध्ये गाडी चालवण्याचे काम सदर्न मराठाने हाती घेतले. बेळगावकडच्या मंडळींना यातले बरेच घरच्या आठवणींतून ठाऊक असेल.

इंदूर त्यातून वाचले, कारण महाराजांनी हमी दिली नव्हती, हमी घेतली होती.

पण त्यांनीही काही जोखमी अंगावर घेतल्या, आणि त्या १८७० मध्ये दिसतही नव्हत्या. रूळ ज्या संस्थानांतून जात तिथल्या पट्ट्यावरचा अधिकार इंग्रज सरकार आपल्याकडे घेई, म्हणजे आपल्याच राज्यात एक लांबट परका मुलुख. रेल्वेचे होळकर हे नावही फार टिकले नाही, १८८२ च्या सुमारास ती राजपुताना-माळवा रेल्वेत सामावली आणि १८८५ पासून बीबीसीआयच्या ताब्यात गेली. गेज बदलल्यामुळे खंडव्याला प्रत्येक गाठोडे एका डब्यातून उतरवून दुसऱ्यात चढवावे लागे. बांधकामात वाचलेला पैसा खंडव्याच्या हमालीत वर्षानुवर्षे जात राहिला, हे तेव्हाच्या एस्टिमेटमध्ये कुठे धरले होते कोण जाणे. चीनला जाणारी अफू १९१३ पर्यंत बंद झाली. तोवर इंदुरात कापडाच्या गिरण्या उभ्या राहू लागल्या म्हणून बरे, नाहीतर त्या घाटात मालगाडीला काम उरले नसते.

सगळ्यात मोठी जोखीम मुदतीत दडली होती. १०१ वर्षे! साडेचार लाखांप्रमाणे एवढ्या वर्षांचे व्याज साडेचार कोटींच्या थोडे वर होते, ऐकायला भरघोस. पण १८७० मध्ये सोने तोळ्याला सोळा-सतरा रुपये होते, १९७० मध्ये दोनशेच्या घरात. करार अक्षरशः पाळला गेला असे धरले तरी, जे एक कोटी दिले त्यात सहा लाख तोळे आले असते, आणि शंभर वर्षांनी परत येणाऱ्या एक कोटीत पन्नास हजार तोळेही नाहीत. शिवाय कर्ज देणारे राज्यच १९४८ मध्ये मध्यभारतात विलीन झाले, आणि ज्याला दिले ते सरकार त्याच्या आधल्या वर्षी बोटीने निघून गेले. एवढी लांब मुदत देणाऱ्याने आणि घेणाऱ्याने एक गृहीत धरले होते, आपण दोघे असेच राहणार. कोणत्याही करारात ही अट लिहिलेली नसते.

मग महाराज फसले का? आजीला हे विचारायची आमची कधी हिंमत झाली नसती. आम्हाला तसे वाटतही नाही. व्याजाच्या पलीकडे इंदूरला जे मिळाले ते खतावणीत येत नाही. कापसाचा बाजार, गिरण्या, आणि देशावरून नोकरीसाठी येणारी आपली कुटुंबे. आपल्यापैकी किती जणांचे आजोबा-पणजोबा खंडव्याला गाडी बदलून, ट्रंक डोक्यावर घेऊन याच घाटातून वर आले! पुढे जयपूरहून दक्षिणेकडे जाणारी मीनाक्षी एक्स्प्रेस याच रुळांवरून अकोला, पूर्णेकडे जाई. वऱ्हाडातल्या माहेरवाशिणींची ती हक्काची गाडी होती.

आता मीटरगेज उखडून ब्रॉडगेज येते आहे आणि नवी वाट जुना घाट टाळून, चढ कमी करून काढली आहे. पातालपाणी-कालाकुंड एवढाच तुकडा २०१८ पासून पर्यटकांच्या गाडीसाठी राखला आहे. गेल्या पावसाळ्यात आम्ही मुलांना घेऊन त्या गाडीने गेलो. बोगद्याच्या तोंडाशी दगडी कमानीचे सांधे मुद्दाम हात लावून पाहिले. दीडशे वर्षांत चुना कुठेही सुटलेला नाही. कालाकुंडला उतरलो, पानावरचा कलाकंद घेतला, आणि धाकट्याने विचारले, "बाबा, हत्ती कुठून ढकलत आले?" आम्ही बोगद्याकडे बोट दाखवले.